भरल्या वाटीतली उपासमार

सकाळी पिंजऱ्यावरचे फडके काढावे आणि काल संध्याकाळपर्यंत वरच्या दांडीवर शीळ घालणारे पाखरू तळाच्या कागदावर बसलेले दिसावे. पिसे फुगलेली, पाय फाकलेले, मान एका बाजूला कललेली किंवा थेट पाठीवर टेकलेली. पक्षी पाळणाऱ्या घरांत हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो आणि मग घरातला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो : "काल तर अगदी छान होता!" रात्री मांजर दिसले असेल, झोपेत घसरला असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, असे तर्क सुरू होतात. वाटीकडे बोट कुणी दाखवत नाही, कारण वाटी दाण्यांनी भरलेली असते.

या प्रकरणात त्या वाटीकडेच पाहायचे आहे. पक्ष्याचे उभे राहणे, मान धरणे, दांडी पकडणे हे सारे नसा, स्नायू आणि हाडे यांच्या जुळलेल्या कामावर चालते. या तिघांनाही आहारातून सतत काही ना काही लागते. ते मिळेनासे झाले की शरीर आधी साठा मोडते, मग काटकसर करते आणि साठा आटल्यावर एके दिवशी हात टेकते. आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा दिवस.

बटाव्हियातला बदललेला आचारी

आहार आणि पक्ष्याची ढासळलेली ठेवण यांचे नाते जगाला पहिल्यांदा कळले ते कोंबड्यांमुळे. जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमान हा डच वैद्य बेरीबेरीचे कारण शोधत होता. या रोगात माणसांचे पाय लुळे पडत आणि पुष्कळ जण दगावत. बेरीबेरी जंतूंमुळे होतो असाच त्या काळचा समज होता. १८८९ साली त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक अडखळत चालू लागल्या. मग त्यांना दांडीवर बसवेना, त्या आडव्या पडू लागल्या, मान वळू लागली. ज्यांना रोगाचे समजले जाणारे जंतू टोचले होते त्याही पडल्या आणि टोचले नव्हते त्याही पडल्या. नोव्हेंबर संपता संपता त्या आपोआप बऱ्याही झाल्या.

चौकशीत उलगडा झाला तो स्वयंपाकघरातून. कोंबड्या सांभाळणारा माणूस खर्च वाचवण्यासाठी लष्करी रुग्णालयातला शिजवलेला पांढरा भात त्यांना घालत होता. आचारी बदलला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून नव्या आचाऱ्याने तो द्यायचे बंद केले. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकट असलेल्या तांदळावर आल्या आणि पायांवर उभ्या राहिल्या. आइकमानने मग मुद्दाम प्रयोग केले. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर कोंबड्या पडत आणि कोंडा घातला की सावरत. पुढे आडोल्फ फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावातल्या १०१ तुरुंगांची पाहणी केली. जिथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे तिथे सुमारे ३९ जणांमागे एकाला बेरीबेरी होता. कोंड्याच्या तांदळावरच्या तुरुंगांत हे प्रमाण १० हजारांत एक एवढे होते.

आइकमानला वाटले, तांदळाच्या पिठूळ भागात विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्स याने १९०१ साली खरे कारण मांडले : विष कुठेच नाही, नसांना आवश्यक असा एक घटक तांदूळ सडताना निघून जातो. १९१२ साली कॅसिमिर फंकने अशा घटकांसाठी 'व्हिटॅमिन' या शब्दाचे पहिले रूप वापरले. १९२६ मध्ये यान्सन आणि डोनाथ यांनी बटाव्हियातच तो घटक स्फटिकरूपात वेगळा केला. त्यासाठी त्यांनी चाचणीचे पक्षी म्हणून वापरल्या त्या भातखाऊ मुनिया. आज आपण त्या घटकाला थायमिन किंवा 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही हे काम झाले. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन याने सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांचा बारकाईने अभ्यास केला. तिथूनच उभी राहिलेली संशोधन संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. माणसाच्या पोषणशास्त्राचा पाया असा कोंबड्या, कबुतरे आणि मुनियांच्या लुळ्या पायांवर रचला गेला आहे. पिंजऱ्यातल्या पाखराला त्या ज्ञानाचा वाटा मिळाला नाही, तर तो आपला कृतघ्नपणाच ठरेल.

मान मागे का जाते?

मेंदू आणि नसा मुख्यतः साखरेवर चालतात. साखरेतली ऊर्जा पूर्णपणे मोकळी करायला थायमिन लागते. ते नसले की हे काम अर्ध्यावर अडते आणि मधलाच एक पदार्थ साचत जातो. ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स याने हे थायमिनच्या अभावाने आजारी पडलेल्या कबुतरांच्या मेंदूत दाखवून दिले. अशा पक्ष्याच्या मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू लुळे पडतात आणि मागचे स्नायू मान ओढून धरतात. डोके पाठीला टेकते, चोच आभाळाकडे होते, पक्षी शेपटीवर रेलून बसतो. जणू तारे मोजतो आहे. वेळेत थायमिन मिळाले, तर हाच पक्षी काही तासांत मान सरळ करतो. पोषणाच्या साऱ्या विकारांत इतका झटपट उतार क्वचितच पाहायला मिळतो.

अख्खे, न सडलेले दाणे खाणाऱ्या पक्ष्याला थायमिन सहसा कमी पडत नाही. कमी पडते ते लाडाने 'माणसाचे जेवण' खाऊ घातलेल्या पक्ष्याला. दूधभात, पाव, चहात बुडवलेले बिस्कीट, शेव असा ज्याचा दिवस जातो, तो बटाव्हियाच्या कोंबड्यांच्याच पंगतीला बसलेला असतो. त्यात दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. कबुतरे पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया जंतूंवर पाण्यातून दिले जाणारे अँप्रोलियम हे औषध जंतूंचे थायमिन तोडूनच काम करते. मात्रा किंवा दिवस वाढले, तर ते पक्ष्याचेही थायमिन तोडते.

हुरडा आणि वाळला दाणा

आपल्याकडे बहुतेक घरांत ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हटले जाते ते खरे तर बजरीगर, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचे पक्षी. जॉन गूल्डने १८४० साली ते इंग्लंडमध्ये आणले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले. त्यांचा नैसर्गिक आहार गवताचे बी, हे खरे. म्हणून दुकानदार राळ्याची पिशवी हातात देतो आणि आपण निश्चिंत होतो. पण रानातला पक्षी मैलोन् मैल उडून निरनिराळ्या गवतांचे बी टिपतो, आणि त्यातले पुष्कळसे ओले, दुधात भरलेले असते. ज्वारीच्या शेतावर पोपटांची धाड पडते ती कणीस हुरड्यात आले की, हे गोफण घेऊन माळ्यावर उभे राहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. हुरडा आणि कोठारातला वर्षभर वाळलेला दाणा या दोन निराळ्या वस्तू आहेत.

वाळल्या दाण्याचा हिशेब मांडून पाहा. सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांत निम्मे वजन तेलाचे असते. १०० ग्रॅम बियांत कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस साडेसहाशेहून अधिक. राळ्यात तेल कमी असले, तरी कॅल्शियमच्या सुमारे ९ पट फॉस्फरस त्यातही आहेच. पक्ष्याला हवे असते याच्या उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. अ जीवनसत्त्व या दाण्यांत जवळजवळ नाही, ड-३ तर नाहीच, आयोडीन नगण्य. वाटीत पाच प्रकारचे दाणे मिसळले तरी पोपट सूर्यफूल तेवढे वेचतो, बाकीचे उधळतो. वरून जीवनसत्त्वांची भुकटी टाकली, तर ती टरफलाला चिकटते आणि पक्षी टरफल सोलून टाकून देतो.

टरफलांवरून एक सावधगिरीची गोष्ट. बजरीगर, फिंच आणि पोपट दाणा सोलून आतला गर खातात आणि फोल वाटीतच सोडतात. वाटी वरून काठोकाठ दिसते, आत एकही दाणा नसतो. ३०–४० ग्रॅमचा जीव उपाशी पोटी फार काळ तग धरत नाही. दोन दिवसांत तो भरल्या वाटीशेजारी मरून पडू शकतो. म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारावी. फोल उडते, सत्य उरते.

कॅल्शियमचा खड्डा

दांडीवर बसलेला आफ्रिकन ग्रे पोपट एकाएकी थरथरतो, पंख पसरून तोल सावरू पाहतो आणि खाली कोसळून झटके देऊ लागतो. वर्षानुवर्षे केवळ बियांवर वाढलेल्या या जातीच्या पक्ष्यांत हे चित्र पशुवैद्यांच्या चांगले ओळखीचे आहे. रक्तातले कॅल्शियम घसरले की नसा विनाकारण पेटू लागतात. आधी बोटे आखडतात, मग स्नायू फडफडतात, मग झटके येतात. नवल असे की अशा पक्ष्याच्या एक्स-रेमध्ये हाडे बरेचदा ठीक दिसतात. कोठीत धान्य आहे, पण ते वेळेवर चुलीपर्यंत पोचत नाही, असा हा प्रकार आहे.

आहारातले कॅल्शियम आतड्यातून शोषायला ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होते उन्हातल्या अतिनील किरणांनी. खिडकीची काच उजेड आत घेते, पण हे किरण अडवते. म्हणजे दिवाणखान्यात काचेमागे लख्ख उजेडात बसलेला पक्षीही या दृष्टीने अंधारातच असतो. रोज सकाळच्या कोवळ्या उन्हात, काच मध्ये न घेता, थोडा वेळ पिंजरा ठेवावा. अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवी आणि शेजारी माणूस हवा, कारण कावळा, घार आणि मांजर टपलेलीच असतात.

वाढत्या पिलांत हीच उणीव हाडांवर उतरते. घरट्यातून काढून बेसनाच्या पिठावर किंवा दूधभातावर वाढवलेल्या पोपटाच्या पिलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, कणा वळतो, आणि ते व्यंग जन्मभर राहते. आपल्या रानातले पोपट, कंठवाले असोत की तुईया, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांची पिले विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. त्या पिलांचे वाकडे पाय पाहिले, तर हा कायदा किती आवश्यक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

अंडे अडकते तेव्हा

मादी कॉकटील किंवा बजरीगर तळाशी पाय फाकून, जवळजवळ पेंग्विनसारखी ताठ उभी आहे, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते आहे, मधूनच कुंथते आहे, तर अंडे अडकल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी. नर सोबत नसला तरी मादी अंडी घालते, ही गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम ती आपल्या हाडांतून काढून देते. एका विणीत चार-सहा अंडी, आणि अशा विणी पाठोपाठ झाल्या की साठा रिता होतो. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियमच लागते. तेच नसल्याने अंडे तिथेच थांबते. कटिभागातल्या नसांवर त्याचा दाब पडला, की एक किंवा दोन्ही पाय लुळे होतात. बघणाऱ्याला वाटते, पाय मोडला. हा प्रसंग काही तासांत जिवावर बेततो. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये. अंडे आत फुटले, तर पक्षी हातचा जातो.

पाय बोलतात, मानही बोलते

काही उणिवा इतक्या नाट्यमय नसतात, पण ठेवणीतून त्या आधीच इशारा देतात.

अ जीवनसत्त्व कमी पडले की तोंडातले, श्वासनलिकेतले आणि मूत्रपिंडातले मऊ अस्तर कडक, खपलीसारखे होते. तळपायाची कातडी गुळगुळीत होऊन मग सोलते, तिथे गळवे धरतात आणि पक्षी या पायावरून त्या पायावर भार टाकत राहतो. मूत्रपिंडे बिघडली तर युरिक आम्ल सांध्यांत साचून पांढऱ्या गाठी येतात. दांडी पकडणेच यातनादायक होते.

कोंबडीच्या वाढत्या पिलांत रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२, कमी पडले तर बोटे आत मुडपतात आणि पिलू घोट्यांवर चालू लागते.

आयोडीनच्या अभावी बजरीगरच्या गळ्यातली ग्रंथी सुजते आणि श्वासनलिका दाबते. पक्षी मान पुढे ताणून बसतो, श्वासाला बारीक चूं-चूं आवाज येतो, आणि झोपताना तो चोच पिंजऱ्याच्या गजावर टेकवतो, मान सरळ राहावी म्हणून. घरच्यांना ही गोड सवय वाटते. ती श्वासासाठी चाललेली धडपड असते.

दोष नेहमी वाटीचाच नसतो

हे सारे वाचून प्रत्येक वाकडी मान जीवनसत्त्वाने सरळ होईल असे समजणे मात्र घातक ठरेल. कबुतराची मान पिळवटली असेल, तो दाण्यावर चोच मारतो आणि नेम चुकतो, तर विषाणूचा आजार असू शकतो. कोंबड्यांतली मानमोडी, म्हणजेच राणीखेत, याच कुळातली. अशा पक्ष्याला तत्काळ वेगळे ठेवावे. मध्यम वयाच्या बजरीगरचा एकच पाय हळूहळू निकामी होत असेल, तर मूत्रपिंडातली गाठ हे एक नेहमीचे कारण आहे, कारण पायाकडे जाणाऱ्या नसा मूत्रपिंडातूनच वाट काढतात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा शिशाचा तुकडा कुरतडला असेल, तर विषबाधेनेही झटके येतात, पाय लुळे पडतात. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी धरलेले दाणे यकृत नासवतात. कारण कोणते, हे पशुवैद्यानेच तपासून ठरवायचे. आपले काम आहे ते नीट पाहण्याचे आणि नीट सांगण्याचे.

पहिला तास

पक्षी पडलेला दिसला की त्याला दांड्या नसलेल्या, तळाशी मऊ फडके घातलेल्या खोक्यात ठेवावे. खोके अंधुक, शांत आणि उबदार असावे. ३० अंशांच्या आसपासची ऊब आजारी पक्ष्याला मानवते. एका बाजूला थोडी कमी ऊब राहू द्यावी, म्हणजे त्याला सरकता येईल. चोचीत पाणी किंवा औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. छाती मुठीत आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो. झटका येत असेल तर त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, विष्ठेचा कागद जपून ठेवावा, गेल्या महिन्यात काय काय खाऊ घातले ते प्रामाणिकपणे लिहून काढावे आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे निघावे. माणसांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि सिरप अंदाजाने देऊ नयेत. ड-३ जास्त झाले, तर तेच कॅल्शियम मूत्रपिंडात साचून पक्ष्याला मारते.

वाटी बदलताना

बदल हळूहळू, काही आठवड्यांत करावा. दाणा एकदम बंद केला तर हट्टी पक्षी उपाशी राहतो. चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यगोळ्या थोड्या थोड्या मिसळाव्यात. राळा, बाजरी, मूग, हरभरे भिजवून मोड आणून द्यावेत. मात्र रोज ताजे, आणि दोन-तीन तासांत उरलेले उचलून टाकावे. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्वाची बेगमी होते. लाल मिरची तर पक्ष्यांना खुशाल द्यावी; तिचा तिखटपणा त्यांना जाणवतच नाही. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. सूर्यफूल हे रोजचे जेवण न राहता शिकवताना हातून द्यायचे बक्षीस व्हावे. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी यांचा कणही नको.

आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घरात आणावा. दर आठवड्याला एकाच वेळी पक्ष्याचे वजन करून वहीत लिहावे. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून दुखणे लपवणे पक्ष्याच्या रक्तातच आहे. पिसे फुगवून तो रोडावलेली छाती झाकतो. काट्याला मात्र फसवू शकत नाही. ३५ ग्रॅमच्या बजरीगरचे साडेतीन ग्रॅम कमी झाले, तर शरीराचा दहावा हिस्सा गेला. तो वैद्याकडे जाण्याचा दिवस आहे, दांडीवरून पडण्याची वाट पाहण्याचा नव्हे.

रानातले पाखरू आपली उणीव पंखांनी भरून काढते; एका झाडावर नाही मिळाले तर दुसऱ्यावर जाते. पिंजऱ्यातल्या पाखरापुढे एकच वाटी आहे, आणि ती आपल्या हातात आहे. उद्या सकाळी ती भरण्याआधी तिच्यावर एक फुंकर मारा आणि आत काय उरले ते पाहा.